पदराखालचा कान

धामणकर नाक्यावरून वळ गावाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात मावशी रोज माझ्या शेजारी असायच्या. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. त्यांना मात्र माझी अख्खी टीम नावानिशी पाठ झाली असणार. गोदामातल्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या पाच जणांचा मी मॅनेजर, आणि रिक्षा सुटली की माझा फोन सुरू व्हायचा. "ते वाक्य बदल. नको, पहिलंच बरं होतं. चित्र वर घे. थांब, मी आल्यावर बघू." मी फोन काढला की मावशी माझ्या बाजूच्या कानावर पदर ओढून घ्यायच्या. मला वाटायचं, धुळीमुळे असेल.

एकदा मी अर्ध्या रस्त्यापर्यंत गप्पच होतो.

"आज पोरांना वरडत न्हाय?" मावशींनी विचारलं.

"फोन बंद पडलाय, मावशी."

"बरा झाला. आज लिवतील तरी."

ऑफिसात पोचलो तर पुस्तकाचं आठवडाभर रखडलेलं प्रकरण लिहून तयार होतं. चांगलं जमलं होतं, तरी मी दिवसभर त्यात बदल सुचवत बसलो.

दुसऱ्या सकाळी रिक्षात मी खिशात हात घातला. फोन बाहेर यायच्या आधीच मावशींनी पदर ओढून घेतला होता.