बंकटांच्या गावातली मामी

खिचडीचा डाव हवेत थांबला, पदराचं टोक ओठांवर गेलं आणि हनुवटी एकदा वर उडाली, की समजायचं, मामी कुठल्या तरी बंकटाविषयी बोलतायत. पाठोपाठ ठरलेलं वाक्य यायचं, "ते नाव वो बाई. मला घ्यायचं न्हाई."

मामींच्या नवऱ्याचं नाव बंकट. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. 'अहो' आणि 'आमचे हे' एवढ्यावर त्यांचा संसार निभावून जातो. पण मामी नांदायला आल्या गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या पुढच्या अशा गावात, की तिथं डोळे मिटून खडा भिरकावला तर तो एखाद्या बंकटालाच लागायचा.

त्या गावच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा माझ्या एका वर्गात चार बंकट होते. मामी शाळेची खिचडी शिजवायच्या, आणि त्यांच्याच घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिल्याच दिवशी त्या वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, ते चष्मेवालं, ते शेंबडं, ते सरपंचाचं आन् ते लई खानारं, चौघांला पाठवा. ताटं वाढलीत." चारी बंकट निमूट उठले. मी हजेरी हातात धरून बघतच राहिले.

इतके बंकट आले कुठून, हे मला मामींनीच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. सगळ्यात जुने बंकट म्हणजे 'पानीवाले'. मेंढरं राखायचे. एका दुष्काळात गाव उठून चाललं होतं. यांनी बघितलं की आपली मेंढरं भर उन्हात एकाच जागी जाऊन बसतात. तिथली माती हाताला गार लागली. लोक हसले, हे खणत राहिले. ती विहीर आजही आटत नाही.

मग 'काहीलवाले'. निजामाच्या काळात गोदावरीला पूर आला, तेव्हा यांनी गूळ करायची भलीमोठी काहील पाण्यात लोटली आणि तिच्यात बसवून बायका-पोरं काठाला आणली. "एक बाई त्या काहिलीतच बाळंत झाली बघा," मामी म्हणायच्या, "आन् त्या लेकराचं नाव काय ठिवलं आसंल?" डाव वर, पदर ओठांवर. तेच लेकरू पुढं 'पैलवान' झालं. हैदराबादेहून आलेल्या मल्लाला त्यानं असं आपटलं म्हणे, की तो मल्ल उठून आधी आपले दात चाचपत होता.

या तिघांवरूनच मग घरोघर पोरांचं नाव बंकट ठेवलं गेलं. हा तीन पिढ्यांचा इतिहास मामी हात नाचवत सांगायच्या, आणि त्यात मुख्य नाव एकदाही यायचं नाही.

बरं, नुसतं नावच नाही. त्याच्या भावकीतले शब्दसुद्धा वर्ज्य. बँकेला मामी 'पासबुकाचं दुकान' म्हणायच्या. 'संकट' म्हणायची वेळ आली तर 'बला'. गणपतीच्या आरतीत तो शब्द जवळ आला की मामी तोंड मिटून नुसत्या जोरजोरात टाळ्या पिटायच्या. हळदीकुंकवाला सगळ्या बायका त्यांना गराडा घालून बसायच्या, आज कशी सुटते बघू म्हणून. मामी उभ्या राहायच्या आणि ठसक्यात म्हणायच्या,

"तूप घातलं खिचडीत, मऊ झाला भात,
नाव तुमाला ठावं हाय, वाण द्या हातात!"

बंकटमामा शेळ्यांचा व्यवहार करायचे. उंच, किडकिडीत, कायम हसतमुख. त्यांना एकच सल होती. "बाई, तीन बंकट गावाला पुरून उरले," ते ओट्यावर बसून म्हणायचे. "एकानं पानी दिलं, एकानं मानसं वाचिवली, एकानं कुस्ती मारली. मंग आमी कावून जन्मलो?"

आतून मामींचा आवाज यायचा, "गर्दी कमी पडत व्हती म्हनून!"

मामा सगळ्यात आधी हसायचे. पण हसून झाल्यावर बराच वेळ समोरच्या शेळीकडे बघत बसायचे.

मी एकदा मामींना विचारलं, "इतकं काय त्यात? एकदा घेऊन तर बघा." मामींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "सासूबाई म्हनायच्या, बाईनं नाव घेतलं की मानसाचं आयुष्य घटतं. खोटं आसंल, बाई. मलाबी कळतंय. पर खरं निघालं तर?"

आता गेवराईच्या बाजाराची गोष्ट सांगते. आम्ही तिघं गेलो होतो. मामांनी एक काळी शेळी घेतली, मामींनी मिरच्या घेतल्या, आणि हायवेच्या कडेला आम्ही एस्टीची वाट बघत उभे राहिलो. एस्टी समोरून येतच होती. तिचा ड्रायव्हर आमच्या गावचाच, आणि अर्थातच बंकट. तेवढ्यात शेळीनं हिसका दिला, दोरी सुटली आणि ती सरळ रस्त्यावर. तिच्यामागं मामा. आणि मामांच्या पाठीमागून वाळूचा टिप्पर, भरधाव.

"अहो!" मामी ओरडल्या. हायवेवर सगळेच 'अहो'. पाच-सहा गडी वळले, मामा सोडून. "अवो, अवो!" आणखी माणसं वळली. मामा वाकून शेळीला चुचकारत होते.

मग माझ्या कानाजवळ असा आवाज फुटला, की तो त्या ठेंगण्या बाईच्या अंगात कुठं मावत होता कोण जाणे.

"बंकऽऽऽट!"

मामा ताठ झाले. वळले. टिप्परकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी दोर ओढावा तसे ते सरळ मामींकडे चालत आले. टिप्पर त्यांच्या पाठीमागून हॉर्न बोंबलत निघून गेला. तिकडं एस्टी करकचून थांबली आणि ड्रायव्हर खाली उडी मारून धावत आला, "काय झालं मामी?" रसवंतीवाला उसाचं कांडं हातात घेऊन पुढं झाला, "मला बोलिवलं का मावशी?" तोही बंकट निघाला.

मिरच्या रस्ताभर. मामींच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर. मामा त्यांच्यापुढं उभे, तोंड उघडं.

"कोन बोललं? तू?"

"मी न्हाई," मामी म्हणाल्या. "ह्या बाई बोलल्या."

"बाईचा आवाज आसा न्हाई." मामांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "आजून एकदा म्हन की."

"शेळी धरा आधी! टिप्पर दिसत न्हाई का मानसाला?" आणि मामी मटकन खाली बसून मिरच्या वेचायला लागल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाही कळत नसावं. मीही शेजारी बसले. मलाही हसू आवरत नव्हतं. रसवंतीवाल्यानं शेळी आणून दिली आणि आम्हाला रस पाजला.

एस्टीत ड्रायव्हर वळून वळून हसत होता. मामांनी तलवाड्यात उतरून गोडीशेव घेतली आणि गावात घरोघर वाटली. प्रत्येक दारात एकच भाषण, "पानीवाले झाले, काहीलवाले झाले, पैलवान झाले. पर बायकूनं हायवेवर नाव घेऊन हाक मारलेला बंकट ह्या गावात मी एकटाच हाय बे!" पारावरच्या म्हाताऱ्यांनी त्यांना त्या दिवसापासून 'हाकवाले' करून टाकलं. पैलवानाच्या नातवानं तर त्यांना मानाचा नारळ दिला. मामा फेटा बांधून फिरत होते, आणि मामी आठवडाभर पाण्याला जायच्या त्या मागच्या गल्लीनं.

बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. उंबऱ्यावर टेकल्या. "बाई, तुमी शिकलेल्या. सांगा बरं, किती घटलं आसंल?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "मामी, कालच संपणार होतं ते. तुम्ही हाक मारली म्हणून उरलं."

त्यांनी पदर ओठांवर धरून विचार केला. "मंग वाढलंच म्हना की," असं म्हणून त्या टुणकन उठल्या आणि खिचडी टाकायला गेल्या. नाव मात्र परत कधीच घेतलं नाही.

पुढं माझी बदली नांदूरघाटला झाली. गेल्या थंडीत फोन आला, मामी दोन दिवसांच्या तापात गेल्या. मी गेले तेव्हा मामा गोठ्यापुढं बसले होते, पहिल्यासारखेच उंच आणि ठणठणीत. मला बघून हसायचा प्रयत्न केला.

"बघा बाई. माझं घटंल म्हनून भ्यायची, आन् सोताच पुढं निघून गेली. लबाड."

मग शेळ्यांपुढं चारा सरकवत म्हणाले, "आन् मी तरी तिचं नाव कुठं घेतलं वो? जलमभर 'अगं', नाही तर 'ऐकलंस का'. तिला काय नाव न्हवतं का?"

मग त्यांनी मामींचं नाव घेतलं. आधी पुटपुटल्यासारखं. मग जरा मोठ्यानं, नंतर अंगणभर ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांत मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. ते पहिल्यांदा मामांच्या तोंडून निघालं. त्यांचंच राहू द्यावं म्हणून मी इथं लिहीत नाही.

गोठ्यातल्या शेळ्यांनी चारा सोडून माना वर केल्या.