अक्कांचं पथ्य

मंगळाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसची वाट बघत उभी होते. "वीणा, अम्मा गेली," एवढंच ती म्हणाली. सकाळीच तर अक्का, म्हणजे तिची आई, माझ्याबरोबर समुद्रावर फिरून आल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी आंघोळ केली, कॉफी घेतली, जरा खुर्चीत टेकल्या आणि तिथेच त्यांचं हृदय थांबलं. दुपारपर्यंत घर नातेवाइकांनी भरलं. त्यांतल्या एक बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, इतकी वर्षं तोंड बांधून राहिली, काय उपयोग झाला? त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो प्रश्न गेले काही आठवडे माझ्या मनातून हलत नाही...

आम्ही नवरा-बायको सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईत आलो आणि तिरुवान्मियूरला घर घेतलं. खालच्या मजल्यावर सावित्रीअक्का आणि त्यांची मुलगी मंगळा. घराणं तंजावरचं मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. अक्कांची मराठी मला आधी परकीच वाटली. शब्द माझ्या पणजीच्या काळचे, हेल तमिळ. ती हुबेहूब लिहिणं मला जमणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं माझ्याच मराठीत सांगते. नवरा लवकर गेल्यावर अक्कांनी लग्नकार्यांच्या ऑर्डरी घेऊन, पुरणपोळ्या आणि मैसूरपाक करून मंगळाला शिकवलं होतं. अंगाने भरलेल्या, हसऱ्या, आणि ताटावरून कुणाला अर्धपोटी उठू न देणाऱ्या.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं तेव्हा साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, हा अजून मधुमेह नाही, पण तुम्ही उंबरठ्यावर आहात. वजन उतरवलंत, खाणं बदललंत, रोज चाललात तर इथून मागे फिरता येईल. रिक्षाने आम्ही तिघी परतलो. घरी आल्यावर मंगळा आत गेली, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं. आईचे डोळे साखरेने गेले, मग एक पाय गेला. शेवटी हातांतलंही बळ गेलं आणि तिच्या तोंडात घास घालायचं काम लहानग्या सावित्रीकडे आलं. "अम्माला मी भरवलं, त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण मंगळावर ती वेळ मी येऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटात क्रम उलटला. आधी भाजी, उसळ, आणि भात सगळ्यात शेवटी, वाटीभर. सांबाराचा भात, रसमचा भात, दहीभात अशा तीन फेऱ्यांवर वाढलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल! त्याहून कठीण होती बिनसाखरेची कॉफी. पहिले काही दिवस त्या ती औषधासारखी डोळे मिटून प्यायच्या. चालण्याची अडचण तर मला सुचलीच नसती. काम नसताना घराबाहेर पडायची त्यांना सवयच नव्हती. कुठे निघालात असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? म्हणून सुरुवातीला त्या हातात रिकामी पिशवी घेऊन चालायच्या, बाजाराला निघाल्यासारख्या. समुद्रापर्यंत जायचं, दम लागला की कठड्यावर बसायचं, परत फिरायचं.

सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या दिवाळीनंतर वजन होतं तिथेच, रक्तातही फारसा फरक नव्हता. अक्का रुसल्या. आठवडाभर दोन्ही वेळा दहीभात खाल्ला, चालायला आल्या नाहीत. मंगळा रागावली, तर तिच्याशीही अबोला. मग एका सकाळी काही न सांगता त्या खाली फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, या वेळी पिशवीशिवाय.

मैसूरपाक करणं मात्र त्यांनी सोडलं नाही. फक्त चाखायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा मी म्हटलं, छान गोड झालाय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "गोड तर नुसती साखरही लागते. तूप पुढे आलंय की बेसन, ते सांग." हळूहळू मला ते सांगता यायला लागलं. त्या ते माझ्या तोंडून ऐकायच्या, मान डोलवायच्या... जणू तेवढ्यानेच चव त्यांच्यापर्यंत पोहोचायची.

वजन उतरलं, साखर उंबरठ्याच्या अलीकडे आली. आता सवय सोडू नका, साखर पुन्हा चढू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं आणि अक्कांनी ते शेवटपर्यंत पाळलं. गुडघ्यांवरचा भार कमी झाला तशी त्यांनी दारातली रांगोळी पुन्हा स्वतः वाकून काढायला घेतली. एग्मोर स्टेशनहून एकट्या गाडीत बसून तंजावरला जाऊन यायच्या. शेवटच्या सकाळची कॉफीही त्यांनी स्वतःच्या हाताने केली. उपयोग विचारणाऱ्या बाईंना मी हे सांगायला हवं होतं.

तेराव्यानंतर मी हेच मंगळाला म्हटलं, की त्यांनी तुझ्यावर ती वेळ येऊ दिली नाही. "मला भरवायचं होतं गं," ती म्हणाली. "एकदा तरी."

मंगळा शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात दिवसभर संगणकासमोर बसते. गेल्या आठवड्यात तिचे रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं, जे तिच्या आईला सांगितलं होतं. मला ते सांगताना ती रडली नाही. उद्या किती वाजता निघायचं, एवढंच तिने विचारलं.

आता आम्ही दोघी जातो. अक्का चालताना डाव्या हाताने साडीच्या निऱ्या किंचित वर धरायच्या. काल समुद्राकडच्या वळणावर मंगळा भराभर पुढे निघाली, मी मागे राहिले. तिने ट्रॅकपँट घातली होती. आणि तिचा डावा हात मांडीपाशी, बोटं मिटलेली, नसलेल्या निऱ्या धरल्यासारखा.