खाटेचा नंबर

इस्पितळाच्या फाटकासमोर लॉटरीचं दुकान आहे. आईची औषधं घेऊन परतताना तिथे एक बाई दिसली.

“शेवटी सत्तावीस असलेलं द्या ना, दादा. आमच्या ह्यांच्या खाटेचा नंबर आहे.”

दुकानदार तिकिटं चाळत म्हणाला, “मागच्या आठवड्यात एक आजोबाही रोज सत्तावीसच मागायचे. त्यांची बायको होती त्या खाटेवर.”

“लागलं का त्यांना?”

त्याने तिकीट काढून तिच्या हातात ठेवलं आणि सुटे पैसे मोजू लागला. बाईने तिकीट कपाळाला लावलं आणि ती आत गेली.

लॉटरी म्हणजे खुळ्यांचा नाद, असं मी जन्मभर म्हणत आले. पण वर डॉक्टर तरी “बघू या” याशिवाय काय सांगतात? मी पुढे झाले. आईच्या खाटेचा नंबर सांगितला. तो आधी कुणी मागत होतं का, हे मात्र विचारलं नाही.