अक्षरांचं ओझं

मार्सेलीन केनोची उभी हयात पॅरिसच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात गेली. चित्रकाराची चित्रं आणि कवीच्या ओळी एकत्र छापायच्या आणि पानं न शिवता सुटीच पेटीत घालायची. विकत घेणाऱ्यानं बांधणी आपल्या आवडीनं करून घ्यायची, हा तिथला रिवाज. युद्धानंतर गावातले पुस्तकवेडे कफल्लक झाले आणि पेट्या बोटीनं अमेरिकेला जाऊ लागल्या.

न्यूयॉर्कच्या प्रेस्कॉट नावाच्या व्यापाऱ्यानं तर तिच्यासमोरच पेटी उघडली, चित्रं तेवढी काढून घेतली आणि कवितेची पानं कोळंबीच्या टरफलांसारखी कचऱ्याच्या टोपलीत भिरकावली.

“अहो, हे काय?”

“मादाम, लोक भिंतीवर चित्रं लावतात. अक्षरं कोण टांगतो? उगाच जहाजाला ओझं!”

तिला त्या माणसाची शिसारी आली. मेल्याला वर लाजही नव्हती. जाताजाता त्यानं स्वतःची व्हिजिटिंग कार्डं छापायला सांगितली. “त्या कवितेच्याच टायपात हं! फार देखणा आहे.”

आठवड्यानं तिनं कार्डांचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला. त्यानं उलटसुलट करून पाहिलं, सगळी कोरी.

“माझं नाव कुठंय?”

“टोपलीत,” मार्सेलीन म्हणाली. “म्हटलं, उगाच जहाजाला ओझं.”