थेंब मोजणाऱ्या बाई

तळोदा मागे पडलं आणि बाईंचे थेंब थांबले. ते आधी त्यांनाच कळलं. अ‍ॅम्ब्युलन्सच्या बाकावर आडव्या पडून त्या वर टांगलेल्या आपल्याच बाटलीकडे बघत होत्या. सात, आठ, नऊ. मग ओठ हलायचे थांबले. मी त्यांचा हात पाहिला. सुईपाशी लिंबाएवढी सूज आली होती. औषध नसेत जायचं सोडून कातडीखाली साचत होतं. त्या बाटलीत रक्तदाब टिकवायचं औषध होतं आणि बाईंना सकाळीच हार्ट अटॅक आलेला होता. माझे दोन्ही हात मात्र गाडीतल्या दुसऱ्या पेशंटच्या रक्ताच्या पिशवीवर होते.

बाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर. अक्कलकुव्याच्या रस्त्याला दहा खाटांचा दवाखाना, तिथे मी आया. मी चौथी शिकलेली, बाई लोणखेड्याच्या शेतकरी घरातल्या, नर्सिंग शिकलेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गोड बोलणं त्यांना जमत नव्हतं. मलाही जमत नाही. म्हणून आमचं वीस वर्षं टिकलं.

डोंगरातल्या लोकांनी त्यांना थेंब मोजणाऱ्या बाई असं नाव पाडलं होतं. सलाईन लावलं की त्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरायच्या आणि पूर्ण एक मिनिट थेंब मोजायच्या. त्या मिनिटात डॉक्टरांनी हाक मारली तरी ओ देत नसत. एकदा डॉक्टर चिडले. बाईंनी मोजून संपवलं आणि मग म्हणाल्या, "आते बोला. तुमी थांबशात, थेंब थांबस नही."

आमच्याकडे माणसं सलाईनला ताकदीची बाटली म्हणतात. काही झालं की म्हणायचं, एक बाटली लावा. आणि डोंगरात जाणारी शेवटची जीप चारला सुटते. साडेतीन वाजले की कोणीतरी नातेवाईक हळूच थेंबांचा वेग ठरवणारं नळीवरचं चाक पूर्ण सोडायचा, म्हणजे बाटली लवकर संपेल आणि जीप मिळेल. ताकद तेवढीच, मग लवकर गेली तर काय बिघडलं, असा त्यांचा हिशेब. एका म्हाताऱ्याला त्यामुळे धाप लागली, छातीत पाणी झालं, कसाबसा वाचला. तेव्हापासून बाई चाकाला लाल दोरा गुंडाळून गाठ मारायच्या. आमच्याकडे देवाच्या दोऱ्याला कोणी हात लावत नाही. दोरा देवाचा नव्हता, शिलाई मशीनचा होता. हे फक्त मला माहीत होतं. कोणी जीपचं नाव काढलं की म्हणायच्या, "गाडी गई ते दुसरी ई. जीव गया ते त्याले कोणती गाडी लई ई?" गेलेला जीव कोणती गाडी परत आणणार, असं.

रक्त द्यायला माणसं घाबरायची. पुरुष तर लघवीला जातो म्हणून जायचे ते दिसायचेच नाहीत. बाई त्यांना व्हरांड्यात गाठायच्या. "म्हैस रोज दूध देस. मरस का?" कोणी म्हणालं की बाई, मी म्हैस नाही, तर त्याला वरून खालपर्यंत बघून म्हणायच्या, "ते दखाईच ऱ्हायनं. म्हैस कामनी ऱ्हास." ते दिसतंच आहे, म्हैस कामाची असते, हे ऐकून लोक हसायचे आणि हसता हसता एखादा तयार व्हायचा.

बाई मला जिजी म्हणायच्या. मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली. पिशवीवरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव एक एक अक्षर लावून वाचायचं, मग रक्तगट वाचायचा, तोही मोठ्यानं. मी अडखळायचे. त्या म्हणायच्या, "अडखळ जिजी, पन वाच. घाईमा वाचनारा मारी टाकस."

त्या दिवशी सकाळी डोंगरातली एक पोरगी बाळंत झाली. मुलगी झाली आणि रक्त थांबेना. बाई दोन तास तिच्यापाशी उभ्या होत्या. घाम येत होता, डावा हात चोळत होत्या, कोणाला सांगितलं नाही. अकराला खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टरांनी दोघींनाही नंदुरबारला न्यायला सांगितलं. गाडी एकच. डॉक्टरांच्या टेबलावर तिसरी पेशंट पोट उघडून पडलेली, ते निघू शकत नव्हते. पोरगी स्ट्रेचरवर, बाई बाकावर, मध्ये मी. पोरीची आई बाळाला पोटाशी धरून कोपऱ्यात. निघताना बाईंनी मला त्यांच्याही चाकाला लाल दोरा बांधायला लावला.

पोरीचा नवरा रक्त थांबेना तेव्हाच मोटारसायकलनं नंदुरबारला गेला होता. त्यानं रक्त दिलं, बदल्यात तिच्या गटाची पिशवी घेतली आणि तळोद्याला आमच्या गाडीत दिली. मी नाव वाचलं, गट वाचला. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, चिठ्ठी मागितली आणि स्वतः पाहिली. मग उठून बसल्या. मी म्हटलं, पडून राहा. त्या म्हणाल्या, "तुले येस का जोडता?" मला येत नव्हतं. त्यांनी वाकून, सुईचाच हात पुढे करून, पिशवी जोडली. त्याच वेळी त्यांची सुई नसेतून सरकली.

सूज पाहिली तेव्हा मी म्हटलं, "गाडी थांबवते, दुसरी नस बघते." मी उभ्या जन्मात नस पाहिली नव्हती. नस दिसत नाही अशा हातात नस शोधणारी आमच्याकडे एकच बाई होती आणि ती बाकावर पडली होती. बाई म्हणाल्या, "थांबाडू नको. तिन्ही पिशवी दाब. मन्हं चाक ऱ्हाऊ दे." पोरीची पिशवी दाब, माझं चाक राहू दे, असं. पोरीचे ओठ पांढरे झाले होते. पिशवी दाबली तरच रक्त वेगानं जात होतं. एक हात काढून बाईंचा हात धरावा, एवढं तरी करावं, असं मला वाटलं. बाईंनी ते ओळखलं असावं. "दोन्ही हातखाल," म्हणाल्या, म्हणजे दोन्ही हातांनी.

मी दोन्ही हातांनी दाबलं. तापीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले. मला वाटलं देवाचं नाव घेतात. कान लावला तर आकडे होते. त्या पोरीच्या पिशवीचे थेंब मोजत होत्या. चाळीसच्या पुढे मला ऐकू आलं नाही.

नंदुरबारला पिशवी रिकामी झाली होती. माझे हात उघडेनात, तिथल्या एका नर्सनं बोटं सोडवली. बाईंच्या चाकावरचा दोरा मी कापून घेतला. तो माझ्याकडे आहे. मी काही रडले नाही, नंतरही नाही. पण गाडीत चौघी बायका होतो आणि एक बाळ, आणि अजून मी मोजते.

पोरगी जगली. तिचं लेकरू जगलं. तिची आई आणि मी जगलो. बाई पुलावर गेल्या.