कोपरात वाढलेलं हाड

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटाची पोस्टिंग जुन्या हायवेवरच्या एका खासगी हॉस्पिटलात लागली. पळसदरीच्या आमच्या कॉलेजातून कर्जत, तिथून शेअर रिक्षानं चौक, आणि मग थोडं चालत. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत आमचा विभाग. दोन पलंग, शेकायची मशीन, भिंतीला टांगलेली एक कप्पी.

तिथं एक दिवस ती आली. चौकच्या एका धाब्यावर भाकऱ्या भाजणारी बाई, पंचेचाळिशीची. उजवा हात काटकोनात धरून, जणू खांद्यावरून झोळी लटकतेय असा.

"हात सरळ बी होत नाय नि वाकत बी नाय," ती म्हणाली.

धाब्याच्या मागच्या ओसरीवर पाय घसरून ती कोपरावर पडली होती. सांधा निखळला, वरच्या मजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांनी तो बसवला, प्लास्टर घातलं. तीन आठवड्यांनी प्लास्टर काढलं आणि सांगितलं, तेल लावून चोळत राहा, होईल मोकळा. आमच्याकडे पाठवलं नाही. एक ओळही लिहिली नाही. ती आली ती नर्सनं सुचवलं म्हणून.

मी कोपराला हात लावला. गरम लागला. पुढच्या बाजूला, स्नायूत, सुपारीएवढी टणक गाठ.

"मावशी, चोळतं कोण?"

"शेजारीन रोज सकाळी चोळती. लय दुकतं. पन ती म्हनते, रडलीस तर सुटंल. आनि आमचे मालक पान्याची भरलेली बादली उचलायला लावत्यात. वजनानं सरळ होईल म्हनं."

तिसऱ्या वर्षीच आम्हाला हे शिकवलेलं. दुखावलेला कोपर जोरानं चोळला, ओढला, की आतल्या स्नायूत हाड तयार व्हायला लागतं. जितकं चोळाल तितकं वाढण्याचा धोका. मी तिला चोळणं आणि बादली दोन्ही लगेच थांबवायला सांगितलं आणि तिला घेऊन वर गेले.

डॉक्टरांपुढं औषध कंपनीचा माणूस बसला होता. मी म्हटलं, "सर, कोपराच्या पुढं टणक गाठ लागतेय. मालिश थांबवायला सांगितलंय. एक्स-रे काढायचा का?"

"कोणी सांगितलं थांबवायला?"

"मी."

"तू डॉक्टर आहेस?"

"फिजिओची विद्यार्थिनी आहे सर, शेवटच्या वर्षाची."

"मग खाली जा. शेक द्यायचा, मशीन लावायची. बाकीचं बघायला मी आहे." आणि माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, "मावशी, चोळणं चालू ठेवा. या मुली अजून शिकतायत."

औषध कंपनीचा माणूस हसला. त्याचं ते हसणं आजही आठवलं की माझे कान तापतात.

जिन्यात मी तिला पुन्हा सांगितलं, नका चोळू. तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं. "एवड्या मोठ्या डाक्टरनं सांगितलंय गं. तू पोरगी हायस." तिचा काय दोष? मी तिच्या जागी असते तर कोणाचं ऐकलं असतं?

दोन दिवसांत कॉलेजात तक्रार पोचली. आमच्या विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं. "तू चुकली नाहीस, हे मला कळतं. पण ती पोस्टिंग गेली तर तुझ्या बॅचनं शिकायचं कुठं? माफीचं पत्र लिही." मी लिहिलं. समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहिलं. डॉक्टरांपेक्षा त्या अक्षराचा मला जास्त राग आहे.

मग रविवारी मी थेट धाब्यावर गेले. मागच्या बाजूला कोणी दुसरीच पोरगी भाकऱ्या थापत होती. मावशी एका कोपऱ्यात बसून डाव्या हातानं जेवत होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. उजव्या हातानं घास तोंडापर्यंत पोचत नव्हता, आणि डाव्या हातानं खाताना कोणी बघावं हे तिला नको होतं.

तिचे यजमान गल्ल्यावर होते. मी त्यांना म्हटलं, "काका, चोळणं आजपासून बंद करा."

"आनि हात असाच ऱ्हायला तर?"

"चोळत राहिलात तर आणखी अडकेल."

का कोण जाणे, त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कर्जतला गेलो आणि एक्स-रे काढला. कोपराच्या पुढं, जिथं काही नसायला हवं, तिथं पांढरा ढग होता.

"पन हे हाड आलं कुठनं?" काकांनी विचारलं.

"चोळण्यातून."

त्यांनी फिल्मवरच्या ढगावर बोट ठेवलं. "मंग आमाला तसं करायला सांगितलंच का?"



आमच्या कॉलेजच्या ओपीडीत एका मॅडमनी तिला घेतलं. आधी विश्रांती, मग तिचा तिनंच, जोर न लावता, दुखू न देता हात हलवायचा. मी समोर बसून मोजायची. कित्येक महिने गेले. हात तोंडापर्यंत आला, मग केसांपर्यंत. सरळ मात्र पूर्ण झाला नाही. परातीत दोन्ही हातांनी तांदळाची भाकरी थापायची, तर तो हात पुरत नाही. आता ती कांदा चिरते, गिऱ्हाइकांना पाणी देते.

"घास तोंडात जातो गं. पुष्कळ झालं," ती म्हणाली.

मला पुष्कळ वाटलं नाही. वीस वर्षं तिच्या भाकरीसाठी ट्रकवाले तिथं थांबायचे.

इंटर्नशिपमध्ये मी तिची फिल्म घेऊन त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरली.

"होतं असं कधीकधी."

"आपोआप झालं नाही सर. वेळीच थांबवता आलं असतं."

त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि माझ्याकडे सरकवली. पुढच्या पेशंटला बोलावलं.

दीड-दोन महिन्यांनी आमच्या ओपीडीत एक गॅरेजवाला आला. नुकतंच प्लास्टर निघालेला, हातात त्याच डॉक्टरांची चिठ्ठी: फिजिओथेरपीसाठी पाठवत आहे, मालिश करू नये. मॅडम म्हणाल्या, बघ, शिकले ते. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, तू जिंकलीस.

मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. मावशीच्या वेळीही एवढंच लिहायचं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं नव्हतं.