जहाज न आलेली संध्याकाळ

हृदयाची झडप तातडीने बदलावी लागेल असं सर्जनने सांगितलं, तेव्हा मी होकार दिला नाही. गुरुमहाराजांना विचारल्याशिवाय आमच्याकडे कुठलंच मोठं पाऊल उचललं जात नाही. मॉसन लेक्स उपनगरातलं आमचं घरसुद्धा त्यांच्या आज्ञेनेच घेतलेलं. पण महाराज चातुर्मासाच्या मौनात होते. आश्रमात निरोप पाठवला होता, उत्तर नव्हतं. चार पावलं चाललं तरी दम लागत होता, आणि मी ॲडलेडच्या हॉस्पिटलमध्ये वाट पाहत पडून होतो. बायको रडवेली होऊन म्हणाली, "अरे, मौन सुटेपर्यंत तुझं हार्ट वाट बघणारे का? इराला काय सांगू मी?" इरा आमची लेक, सात वर्षांची. मी डोळे मिटून घेतले. श्रद्धा माझी पक्की होती, पण भीती तिच्याहून पक्की होती.

शेजारच्या खाटेवर पांढऱ्या जटांचा एक जमैकन म्हातारा होता, रास्ताफारी पंथाचा. आमचं बोलणं त्याला कळलं नसेल, पण सूर कळला असावा. बायको गेल्यावर त्याने विचारलं, "कोणाची वाट बघतोयस, मेट?" मी सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

तो आपल्या आजोबांविषयी बोलू लागला. ते या पंथाच्या पहिल्या पिढीतले. इथिओपियात एका काळ्या राजाला राज्याभिषेक झाल्याचं कानावर आलं, आणि जमैकातल्या त्या गांजलेल्या माणसांनी त्याच्यातच आपला तारणहार ओळखला. राजा जहाजं पाठवील, सगळ्यांना आफ्रिकेत आपल्या घरी नेईल, अशी त्यांची खात्री. एकदा जहाज येणार अशी आवई उठली, तेव्हा आजोबांनी शेळ्या विकल्या आणि बायकामुलांना घेऊन ते धक्क्यावर जाऊन उभे राहिले. जहाज आलं नाही. लोकांनी टर उडवली.

"मग श्रद्धा उडाली त्यांची?" मी विचारलं.

"छे! त्याच संध्याकाळी घरी येऊन त्यांनी रताळ्याचे वेल लावले. म्हणाले, राजाचं जहाज येणारच आहे. पण तोवर पोरांनी काय उपाशी राहायचं?"

एवढं बोलून तो कुशीवर वळला. मला मात्र रडू आवरेना. देवावर भार टाकला असं मी समजत होतो. खरं तर निर्णयाचा भार तेवढा त्याच्यावर ढकलून मी हातपाय गाळून बसलो होतो. मी बेल दाबून नर्सला बोलावलं आणि ऑपरेशनला तयार असल्याचं सांगितलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. मी वॉर्डात परतलो तोवर म्हातारा घरी गेला होता. त्याचे आभार मानायचे राहिले, याची हळहळ अजून वाटते.

मौन सुटल्यावर मी आश्रमात फोन लावला. महाराज स्वतः बोलले. मी ऑपरेशनचं सांगितलं, तर ते चकित झाले. मौनात व्यत्यय नको म्हणून सेवेकऱ्यांनी माझा निरोप त्यांना दिलाच नव्हता. त्यांनी विचारलं, "मग बाळा, तुला होकार दिला कोणी?"

माझ्या डोळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या जटा आल्या. फोन खांद्याने कानाशी दाबून धरत मी हात जोडले.